जठारपेठेतली गुलाबी गिटार

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहिते.

आज माझ्या लेकीला, ईराला, पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंही नाही. गुलाबी गिटार काढून सरळ माझ्या हातात दिली. "पोरीले हेच शोभते, ताई. फोटो मस्त येतीन."

"काका, ॲम्पला लावून वाजवा ना," ईरा म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?" असं म्हणत त्याने वायर जोडली आणि तारांवरून हात फिरवला. कानाला नुसता त्रास.

"तार उतरली आहे," ईरा हळूच म्हणाली.

तो हसला. "घरी भाऊ लावून देईन तुले."

तिला भाऊ नाही. दोन वर्षं ती गिटार शिकतेय. या गृहस्थाला मात्र इतकी वर्षं गिटारी विकूनही बेसूर ऐकू येत नाही, आणि त्याची लाजही नाही.

मी गिटार काउंटरवर ठेवली आणि ईराला घेऊन बाहेर पडले.

गाडीवर मागून तिने विचारलं, "आई, गिटार पोरांचीच असते का, पोरींची नाही?"

त्या दुकानदाराची मला फक्त कीव आली असती. पण हा प्रश्न त्याने तिच्या डोक्यात घातला, ते कसं माफ करू?

अकोला-अमरावतीत असं दुकान सांगा, जिथे गिटार आधी लेकराच्या हातात देतात.