मागची सीट

गंगापूर रोडवर एक जुनी अमेरिकन गाडी विकायला होती. नवऱ्यासोबत बघायला गेले. दार उघडलं, तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि देवळाली कॅम्पातली आमची शाळा आठवली.

बाबा तिथल्या एका शेठची अशीच लांबलचक गाडी चालवायचे. गॅदरिंगच्या दिवशी शेठना विचारून त्यांनी मला तिच्यातून शाळेत सोडलं. मी मुद्दाम मागे बसले. बाबांनी उतरून दार धरलं. मैत्रिणी बघत होत्या. मी ऐटीत म्हणाले, "काका, पाचला या."

बाबांनी दार लावलं. "हो, ताई."

घरी त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. ते 'ताई' आठवलं की अजून मान वर होत नाही.

"मागे बस की, ऐसपैस आहे," नवरा म्हणाला.

मी मागचं दार लावलं आणि पुढे बसले. शेजारची ड्रायव्हरची सीट रिकामी होती.