मांडवडहाळे आणि माझी वही

कुपवाडच्या कारखान्यात मी माल तपासायचं काम करते. यादीवर बरोबरची खूण पडल्याशिवाय माझ्या हातून साधा खोकासुद्धा बाहेर जात नाही. त्यामुळे लग्न ठरल्यावर मी सगळ्यात आधी काय आणलं असेल, तर वही.

वहीची गरजही होती. मी सांगलीची, होणारा नवरा कडेगावजवळच्या खेड्यातला. आमची ओळख कारखान्यातली, पण त्याच्या घरचे लग्नाचं बोलायला लागले की निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. बैठकीत मी शहाण्यासारखी मान हलवायची आणि घरी येऊन अर्थ लिहायची. गडगनेर: आपलं केळवण. याद: कुणी काय करायचं ते लिहिलेला कागद. पाठराखीण: नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जाणारी. (आमच्याकडून धाकटी बहीण. तिची बॅग महिनाभर आधीच भरून तयार.)

माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, बैठकीत शेवटपर्यंत गप्प होते. फौजेत उभी हयात गेलेला माणूस, बोलणं मोजून मापून. उठताना एवढंच म्हणाले, "आमचं काय बी मागणं न्हाई. हळद, लगीन समदं सांगलीत हॉलमधी करा. मांडवडहाळे तेवढे झालं पायजेत."

"होतील आण्णा, मी बघते," मी म्हटलं. बघते म्हणजे काय, वहीत लिहिलं. मांडवडहाळे: मांडवाची सजावट. हॉलच्या पॅकेजमध्ये आहे. पुढे ठसठशीत खूण. कुणाला विचारायचं कशाला, मला कळलं होतं ना!

हळदीच्या दिवशी सकाळी हॉलच्या दारात प्लॅस्टिकच्या फुलांची कमान उभी राहिली. मी वही काखेत मारून रुबाबात फिरत होते. तेवढ्यात रस्त्यावरून हलगी ऐकू आली. बघते तर दोन ट्रॅक्टर. ट्रॉल्यांमध्ये आंबा, जांभूळ आणि उंबराच्या फांद्या रचलेल्या, त्यावर फेटे बांधून बसलेली भावकी. पुढे आण्णा चालत होते, खांद्यावर आंब्याचा हिरवागार डहाळा घेऊन.

मॅनेजर धावतच आडवा गेला. "झाडपाला आत नाही चालणार. गालिचा आहे, मुंग्या होतील. ट्रॉल्या मागं घ्या."

हलगी थांबली. सगळी भावकी आण्णांच्या तोंडाकडे बघायला लागली. आण्णांनी खांद्यावरचा डहाळा खाली उतरवला.

नवरा माझ्याजवळ आला. "हॉलवाल्याला सांगितलं नव्हतंस व्हय?"

"काय सांगायचं होतं?"

तेव्हा मला कळलं. भावकीनं रानातून फांद्या तोडून वाजतगाजत आणायच्या आणि मांडवावर स्वतःच्या हातानं घालायच्या, याला मांडवडहाळे म्हणतात. पेन्शनीत आल्यापासून आण्णा गावातल्या प्रत्येक लग्नात डहाळे घेऊन गेले होते. आज पहिल्यांदा माणसं त्यांच्यासाठी आली होती, पहाटे घर सोडून. ती दारातून परत गेली असती, तर आण्णांना गावात मान वर करता आली नसती. आणि हे माझ्या एका खुणेमुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मला लाज वाटली की लगेच रागही येतो. मी मॅनेजरला म्हटलं, "नियम दाखवा." त्यानं कागद पुढे केला. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा माझा धंदाच आहे. "इथं 'सभागृहात' लिहिलंय. पार्किंगचं काहीच नाही."

"मॅडम, पार्किंगमध्ये कुणी लग्न करतं का?"

"आम्ही करतो."

पाहुण्यांनी गाड्या रस्त्यावर नेल्या. अर्ध्या तासात पार्किंगचे पत्रे आणि पाइप दिसेनासे झाले, नुसता ओल्या पानांचा वास. हळदही तिथेच करायची ठरली. आतला एसी रिकाम्या खुर्च्यांना गार करत बसला, आणि मॅनेजरनं डहाळ्यांखाली स्वतःचे चार फोटो काढून घेतले.

आण्णा स्टुलावर चढून फांदी बांधत होते. मी खालून सुतळी दिली. "आण्णा, चुकलं माझं."

"बघू, काय लिवलंयस त्या वहीत?"

मी पान उघडून धरलं. "पॅकेजमधी हाय!" त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि अख्खी भावकी हसायला लागली. मीही हसले, दुसरं करणार काय?

हसणं ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "आगं, घरचे डहाळे म्या तरी कुठं बघितलं व्हतं? भावाचं लगीन, दोन बहिणींची लग्नं, रजाच मिळाली न्हाई. सवताच्या लग्नाला पोचलो तवर डहाळे सुकून गेलं व्हतं."

त्यांनी गाठ आवळली, फांदी एकदा ओढून बघितली.

"घरच्या मांडवाला आज पयल्यांदा हात लागला बघ."