करंजांवरचे नंबर

लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होतो. शहर कसं वाढावं, त्यात झाडांना किती जागा राहावी, यावर जाणत्या माणसांनी लिहिलेलं मी वर्गात वाचतो, आणि त्यातलं अर्धं मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे कुठे जास्त बोललो असं वाटलं तर माफ करावं. मला एकाच जागेबद्दल थोडंफार माहीत आहे, तेवढंच सांगतो.

घोरावाडी स्टेशनवरून आमच्या वस्तीकडे येताना ती जागा लागते. कोणी मुद्दाम लावलेली बाग नाही. दहा-बारा जुने करंज, दोन उंबर, एक वाकडी जांभूळ आणि खाली पायांनी गुळगुळीत झालेली माती. आंबीकडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी तिथे कंपनीच्या गाडीची वाट बघतात. माझी आई त्यांतलीच. ती एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. गाडी वेळेवर येत नाही, त्यामुळे वेण्या घालणं, भांडणं, सोयरिकी जुळवणं, सगळं त्या सावलीत उरकतं.

मागच्या वर्षी नगरपरिषदेच्या विकास आराखड्याचा मसुदा लागला आणि त्यात ही जागा वाहनतळासाठी दाखवलेली निघाली. हरकत घ्यायला मुदत होती. पर्यावरण शिकवणारे आमचे सर म्हणाले, "नुसतं 'झाडं वाचवा' लिहून भागत नाही. कोणतं झाड, किती घेराचं, कुठे उभं आहे, याचा तक्ता जोडा. आणि झाडावर नंबर टाका, म्हणजे पाहणीला येणाऱ्याला जुळवता येईल." मी हात वर केला. वर्गात मी सहसा हात वर करत नाही.

एक मित्र सोबत आला. सोमाटण्यात त्याच्या अब्बांचं रंगाचं दुकान आहे, म्हणून पिवळा रंगही आला. सुट्टीच्या दिवशी आम्ही छातीच्या उंचीवर टेप फिरवून घेर मोजले आणि प्रत्येक खोडावर नंबर टाकला. शेजारची मावशी जाता जाता थांबली.

"कशाचं नंबर रं हे?"

"वृक्षगणना आहे, मावशी."

"बरं बरं," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, तिला कळलं.

घरी मी काहीच बोललो नाही. कॉलेजातलं मी घरी फारसं सांगत नसे. यांना काय कळणार, असं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते.

दोन दिवसांनी गेलो तर एकाही झाडावर नंबर नव्हता. सालीपर्यंत घासून वर चिखल फासलेला. मित्र म्हणाला, "तुझ्या करंजांनी अंघोळ केली रे." आम्ही पुन्हा नंबर टाकले. ते पुन्हा गेले. मग तो जरा कमी हसत म्हणाला, "अब्बा विचारतायत, घर रंगवताय का जंगल?"

मुदतीला चार दिवस उरले होते. कोण पुसतंय ते बघायला मी सकाळी लवकर तिथे गेलो. पदर खोचून माझी आई भांड्यांच्या तारेच्या घासणीनं सहा नंबरच्या झाडावरचा आकडा खरवडत होती. शेजारची मावशी मागून चिखल थापत होती.

"तू हितं कशाला आलास? कालेज न्हाई व्हय आज?"

"आई, ते नंबर मी लिहिलेत."

घासणी थांबली. आधी मावशीच हसली. "आगं बया, आठवडाभर आमी ज्याला शिव्या घालतोय, त्यो तुझाच ल्योक हाय की! आन मला म्हणला कसली तरी गणना. मला वाटलं, सरकारी मानसांबरुबर रोजानं लागलाय."

आई हसली नाही. "आरं, रस्ता रुंद केला तवा असंच पिवळं नंबर आलतं. वडाला, चिंचंला. आमी म्हणलं, बरं झालं, मोजली, आता जपतील. पंधरा दिसात निस्तं बुंधं ऱ्हायलं. तवापास्नं झाडावर नंबर दिसला का आमी आदी पुसून टाकतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात सांगाया काय झालतं? तोंडाला कुलूप हाय?"

मी मुळावर बसलो आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं: आराखडा, वाहनतळाऐवजी बाग मागणारी हरकत, तक्ता. मध्येच गाडी आली आणि हॉर्न वाजू लागला. मावशी ओरडली, "थांब रं भाऊ जरा, हितं कालेज भरलंय!"

कामावरून आल्यावर आईनं माझ्या हातातला ब्रश घेतला. "आमच्या हातचा नंबर आसंल तर वस्तीत कुनी पुसनार न्हाई." ती तिसरीपर्यंत शिकलेली. तिचा सात उलटा पडला. मी तो तसाच राहू दिला. बाकीच्या बायकांनीही एकेक झाड घेतलं. मग आईनं तक्ता मागितला आणि मला वाचायला लावला.

"निस्ती झाडंच लिवलीस? खाली कोन बसतं, त्ये कुटं हाय?"

'शेरा' हा रकाना मी कोराच ठेवला होता. बायका सांगू लागल्या. या उंबराखाली पावसातही कोरडं राहतं. जांभळीखाली डबे खातात. "पाच नंबरखाली हिचं लगीन ठरलं, त्ये बी लिव."

"लिव, पर नवरा कसा निघाला त्ये लिवू नगंस."

लग्न मी लिहिलं नाही. आई मात्र एका गोष्टीवर अडून बसली. "वाहनतळ झाला तर झाडं जातील. बाग झाली तर कुलूप लावतील. आमची गाडी सकाळी सहाला. आमी कुटं उबं ऱ्हायाचं? त्ये लिव." सर कधी हे बोलले नव्हते, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याच शब्दांत, फक्त जरा नीटनेटकं करून, मी ते अर्जाच्या शेवटी लिहिलं आणि शेवटच्या दिवशी अर्ज दिला.

पुढे पाहणीला एक साहेब येऊन गेले. उलट्या सातापाशी ते जरा थांबले, मग त्यांनी तक्त्यावर खूण केली. त्यानंतर कित्येक महिने काहीच कळलं नाही. आई रोज विचारायची, मग आठवड्यानं, मग विचारेनाशी झाली.

सुट्टीत मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला होतो. एका दुपारी मित्राचा फोन आला. तो नगरपरिषदेच्या कार्यालयात हरकतींच्या निकालाची यादी बघायला गेला होता. समोर गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मी खोके बाजूला ठेवून मागच्या दारात गेलो.

"वाहनतळ वगळलाय. जागा बाग म्हणून ठेवलीय."

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "थांब, खाली अजून एक ओळ आहे. कामगार महिलांच्या थांब्याकडील बाजू कुंपणाविना मोकळी ठेवावी."