आत्याचा फळा

बंदराच्या चढावर दोरखंड, रंग आणि खिळेमोळ्यांचं एक दुकान आहे. त्याच्या छपराखाली रोज सकाळी सहा वाजता एक काळा फळा टांगला जातो. त्यावर खडूने चार-पाच ओळी असतात. सुट्टीवर आलेला पाहुणा त्या वाचून गोंधळतो. ‘लाट छातीएवढी. मतलई वारा साडेनऊपर्यंत, मग खारा वारा सगळं विस्कटणार. नवशिक्यांनी वाळूकडे राहावं. खडकाशी सलगी नको.’

खडक म्हणजे समोरच्या खाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली दडलेला कातळ. त्याच्या पुढे सगळा मोकळा समुद्र. आडोशाला एखादं बेटही नाही. दूरवरून आलेली लाट पहिल्यांदा जमिनीला शिवते ती तिथेच, आणि शिवली की उभी राहते. त्या उभ्या लाटेवरून फळीवर उभं राहून घसरत यायला देशोदेशीची माणसं इथे येतात. सकाळी उठली की आधी खाली येऊन फळा बघतात आणि मगच दात घासतात.

तो फळा लिहिते ती आत्या. खरं तर ती एकट्या बेडक्याची आत्या. पण त्याने हाक मारायची आणि सगळ्या किनाऱ्याने ऐकायची, असं करता करता ती सगळ्यांचीच आत्या झाली. तिच्याहून वयाने मोठे नावाडीसुद्धा तिला आत्याच म्हणतात.

बेडक्याची आई तो लहान असतानाच गेली. वडील मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. मग त्यांच्या बहिणीनेच भाच्याला सांभाळलं. दुकानाच्या वर दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे. आत्या बंदर कार्यालयात कारकून होती. बाहेरच्या समुद्रात तरंगणारे बोये दर तासाला लाटांची आणि वाऱ्याची मोजमापं धाडायचे. ती उतरवून घ्यायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची, एवढंच तिचं काम. साहेब ती वाचत नसत.

बेडक्या पाण्यात पडून असायचा, म्हणून तिनेच त्याचं हे नाव ठेवलं होतं. ती स्वतः मात्र कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही. आंघोळीलासुद्धा बादलीच बरी, असं म्हणायची.

एकोणिसाव्या वर्षी बेडक्या खडकावर आपटला. आकाश निरभ्र, रेडिओवर ‘समुद्र शांत राहील’ असं छातीठोक सांगितलेलं, आणि भर दुपारी कुठून कोण जाणे डोंगराएवढ्या तीन लाटा आल्या. खांदा मोडला, पाठीला चाळीस टाके पडले. आत्या इस्पितळात आली ती थेट कार्यालयातून, हातावर शाईचे डाग तसेच. बेडक्या डोळे मिटून बोलणी खायच्या तयारीत होता. आत्या खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली,

“एक लाट गेल्यावर दुसरी किती वेळाने येत होती?”

“काय?”

“दोन लाटांमध्ये किती वेळ जात होता? अंदाजे तरी?”

“आत्या, मी मरता मरता वाचलो. मोजत कोण बसलं होतं तिथे!”

“बरं,” आत्या म्हणाली. “मग मी मोजते. जाऊ नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. निदान कधी जायचं ते तरी नीट कळू दे.”

आणि ती मोजायला लागली. खिडकीत ओट्याला टेकून उभी राहायची. एका हातात अंडी उकडायचं गजराचं घड्याळ, दुसऱ्या हातात भावाची जुनी दुर्बीण. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायची. पहाटे बोयावर काय होतं, दुपारी खडकावर काय झालं, वारा कुठल्या वेळी फिरला, पाणी किती उतरलेलं होतं. कुकरच्या शिट्ट्या आणि लाटा एकदमच मोजायची, आणि कधीकधी भात करपायचा. शेजारीण म्हणायची, “अहो, डोक्यावर परिणाम होईल तुमच्या.” आत्या मान वर न करता म्हणायची, “एकवीस, बावीस, आता मध्ये बोलू नका.”

दोन वर्षांनी तिने बंद पडलेल्या एका शिकवणीच्या वर्गातून फळा उचलून आणला. सुरुवातीला पोरांनी तिची यथेच्छ टर उडवली. पोहता न येणारी बाई आम्हाला समुद्र शिकवणार! आणि एका रविवारी तिचं चुकलंही. तिने ‘आज मजा’ असं लिहिलं आणि समुद्र दिवसभर परातीतल्या पाण्यासारखा पडून राहिला. दूरदूरहून आलेली मंडळी चडफडत परत गेली. बेडक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता फळा उतरणार, असं तो धरून चालला होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, ‘कालचा अंदाज चुकला. वारा फिरला हे मी बघितलं नाही. क्षमा असावी.’ खाली त्या दिवसाचा नवा अंदाज. तो बिनचूक निघाला.

समुद्राबद्दल आपलं चुकलं असं लिहून देणारं माणूस त्या किनाऱ्याने पहिल्यांदाच पाहिलं. तिथून पोरांचं हसणं कमी झालं. आणखी पाच वर्षांत नावाडीही चढावर थांबून फळा वाचू लागले.

आत्या निवृत्त झाली. बेडक्या चाळिशीला टेकला आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचा प्रमुख झाला. खडकावर कुणी जायचं आणि कुणी नाही, लाल बावटा कधी चढवायचा, हे आता त्याच्या हातात होतं. पण तोही रोज सकाळी चढ चढून फळा वाचल्याशिवाय शिट्टी गळ्यात घालत नसे.

त्या वर्षी खडकावर मोठी स्पर्धा ठरली. परदेशी खेळाडू, कॅमेरे, मंडप, ध्वनिक्षेपक, सगळा थाटमाट. स्पर्धेचा व्यवस्थापक एक उंच, सतत टोपी घालणारा गृहस्थ होता. त्याच्या फोनवर हवामानाचा अंदाज यायचा, रंगीत नकाशांसकट. पहिल्या दिवशी सकाळी नकाशा निळाशार होता. लाट सव्वा मीटर, वारा मंद.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘सकाळी दहापर्यंत ठीक. साडेदहानंतर खडकावर कोणीही जायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही.’

टोपीवाला बेडक्याला घेऊन तडक वर आला. आत्या पोळ्या लाटत होती.

“आजी, हे काय लिहिलंय तुम्ही?”

“आत्या म्हणा,” ती म्हणाली. “बसा. काय समजलं नाही त्यातलं?”

“सव्वा मीटरची लाट आहे. यंत्र सांगतंय.”

“उंची बरोबरच आहे. पण पहाटे लांबच्या बोयावर दोन लाटांमधलं अंतर अठरा सेकंद आलंय. काल नऊ होतं. बंदरात फोन करून दोनदा विचारलं मी. एवढं लांब अंतर असलेली लाट खूप दुरून येते. खोल पाण्यात ती दिसत नाही, बोटीला लागतही नाही. पण तिचे पाय पसरलेले असतात थेट खालपर्यंत. ते खडकाला अडले की ती उठते. त्यातून बाराला पूर्ण ओहोटी, खडकावर पाणी जेमतेम. ती तिथे मोडणार नाही तर काय करणार?”

“आमच्या अंदाजात हे काही नाही.”

“नसेल,” आत्या म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. “तुमचा अंदाज साऱ्या समुद्राचा आहे. माझा एका खडकाचा.”

टोपीवाला बेडक्याकडे वळला. “तुमचं काय म्हणणं? प्रमुख तुम्ही आहात.”

बेडक्याने एक घाव दोन तुकडे केले. “साडेदहाला लाल बावटा चढेल.”

“वरपर्यंत तक्रार जाईल तुमची.”

“जाऊ द्या.”

साडेदहाला बावटा चढला. खेळाडू कुरकुरत बाहेर आले. खडकाशेजारच्या खोल पाण्याच्या वाटेत नांगरलेली छायाचित्रकारांची होडी, पंचांची होडी, सगळ्या आत बोलावल्या. चोवीस माणसं. बेडक्याने एकेक डोकं स्वतः मोजलं.

अकरा वाजले. समुद्र आरशासारखा. वर ऊन, खाली हजारभर माणसं, आणि करायला काहीच नाही. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक तीच तीच माहिती तिसऱ्यांदा सांगत होता. सव्वाअकरा झाले. कुणीतरी शिट्टी मारली. एक खेळाडू फळी काखेत मारून मुद्दाम बेडक्यासमोरून फेऱ्या घालू लागली. टोपीवाला जवळ आला.

“एक विचारू? तुमच्या आत्यांना पोहता येतं का?”

“नाही.”

“थोडंसुद्धा?”

“पाय भिजले तरी कुरकुर करते.”

टोपीवाल्याने आकाशाकडे पाहिलं. “आणि मी तिच्या शब्दावर स्पर्धा थांबवलीय!”

“माझ्या शब्दावर थांबवलीय,” बेडक्या म्हणाला. तोंडाने म्हणाला खरा, पण नजर घड्याळाकडे गेली. तो धक्क्याकडे निघाला. आत्या तिथेच होती, मच्छीमार उतरतात त्या दगडी पायऱ्यांशी, चपला हातात धरून. ती खडकाकडे बघतच नव्हती. खाली पायऱ्यांकडे बघत होती.

“आत्या, नाही आली तर?”

“नाही आली तर उद्या फळ्यावर लिहीन, माझं चुकलं म्हणून. त्यात काय! पण ती आलेली आहे. हे बघ.”

बेडक्याने पाहिलं. पाणी संथ होतं, तरी पायऱ्यांवर हळूच चढत होतं. एक, दोन, तीन, चार. क्षणभर तिथे थांबलं आणि आवाज न करता उतरलं, पार शेवाळलेल्या तळाच्या पायरीपर्यंत. बांधलेल्या होड्यांचे दोर सैल पडले आणि मग करकचून ताणले गेले. आत्या ओठांतल्या ओठांत मोजत होती. पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा तिने मान वर केली.

“अठरा,” ती म्हणाली. “खडकावर अजून पाणी आहे, म्हणून ती वरून निघून जातेय. थोडं उतरू दे. तू जा, तुझी माणसं सांभाळ.”

बेडक्या धावतच परतला. अकरा चाळीसला क्षितिजावर एक काळी रेघ दिसली. आधी कुणाचं लक्षही गेलं नाही. मग निवेदक बोलता बोलता थांबला. रेघ जाड झाली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी एक. पहिली लाट खडकाशी आली आणि उभी राहिली. दुमजली घराएवढी. तिच्या पोटाखाली खडक उघडा पडला, काळाकभिन्न, पाणी गळत असलेला. किनाऱ्यावरच्या कुणीही तो असा उघडा कधी पाहिला नव्हता. मग ती कोसळली. वाळूतून आवाज पायांत शिरला. दुसरी तर खडकावरही थांबली नाही. जिथे तासाभरापूर्वी होड्या नांगरलेल्या होत्या, त्या वाटेवर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटली. स्पर्धेची हद्द दाखवणारे पिवळे तरंगते गोळे, प्रत्येकी खोलीएवढे, साखळ्या तोडून फुग्यांसारखे उडाले.

तिसरीही तशीच कोसळून गेली. मघाशी फेऱ्या घालणारी खेळाडू फळी वाळूत टाकून मटकन खाली बसली होती. बेडक्याने आपली चोवीस माणसं पुन्हा मोजली. सगळी कोरडी. त्याच्या जिवात जीव आला आणि मग छाती अशी भरून आली की शिट्टी वाजवायला श्वास पुरेना.

टोपीवाल्याने टोपी काढली. डोक्यावर केस अगदीच कमी होते. तो तसाच उघड्या डोक्याने धक्क्यावर गेला आणि आत्यासमोर उभा राहिला.

“आत्या,” तो म्हणाला, “माझी बायकोही त्या पंचांच्या होडीत होती.”

आत्याने त्याच्या दंडावर हात ठेवला. “आता ती काय करतेय?”

“मंडपात चहा पितेय.”

“मग तुम्हीही प्या. तोंड कसं उतरलंय बघा. आणि उद्या सकाळी लवकर या. समुद्र उद्या शहाण्यासारखा वागेल, असं वाटतंय मला. पण पहाटेचा बोया बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच चढावर रांग लागली. खेळाडू, पंच, कॅमेरेवाले, सगळे दुकानासमोर. आत्या फळा घेऊन जिना उतरली, तर आपोआप वाट झाली. तिने फळा टांगला, पुसला, आणि सगळ्यांकडे पाठ करून लिहायला घेतलं. ‘सात ते साडेअकरा. अंतर चौदा सेकंद. मतलई वारा. लाट दोन पुरुष उंच, सरळ, प्रामाणिक. जा.’

निवेदकाने तो मजकूर ध्वनिक्षेपकावरून शब्दन् शब्द वाचून दाखवला, त्यातल्या ‘जा’सकट. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छपरावरची कबुतरं उडाली. त्या सकाळच्यासारख्या लाटा आपण उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत, असं जिंकणाऱ्या मुलीने नंतर सांगितलं. बरोबर साडेअकराला वारा फिरला. तोवर शेवटची फेरी संपून दहा मिनिटं झाली होती.

बेडक्याच्या नावाने तक्रार काही गेली नाही. गेलं ते टोपीवाल्याचं पत्र, बंदर कार्यालयाला. महिन्याभराने नव्या साहेबांनी आत्याला बोलावणं धाडलं. बोयाची मोजमापं कशी वाचायची ते कार्यालयातल्या सगळ्यांना शिकवाल का, असं विचारायला. बेडक्या सोबत गेला. ज्या टेबलावर तिने तीस वर्षं कागद ठेवले, त्याच टेबलाच्या पलीकडे आता तिला खुर्ची दिली होती. साहेब उभे होते.

“यांचं शिक्षण किती?” साहेबांनी बेडक्याला हळूच विचारलं.

“त्यांनाच विचारा,” बेडक्या मोठ्याने म्हणाला. त्याला ते सगळ्या खोलीला ऐकू जायला हवं होतं. “माझी आत्या आहे ती. सांगेल की.”

आता दर मंगळवारी सकाळी आत्या इस्त्रीची साडी नेसून कार्यालयात जाते. पहिल्याच तासाला तिने दोन कारकुनांना खिडकीपाशी उभं केलं आणि तासभर नुसतं मोजायला लावलं. एक जण कंटाळून म्हणाला, “बाई, साधारण बाराएक सेकंद धरू या.” खाली किनाऱ्यावर पहाऱ्याला बसलेल्या बेडक्यापर्यंत तिचा आवाज आला.

“धरू या काय? पुन्हा मोज!”

शेजारी बसलेल्या नव्या जीवरक्षक मुलीने दचकून विचारलं, “सर, कोण हो त्या?”

बेडक्या खुर्चीत सावरून बसला आणि सांगायला लागला.