लिंबापायी

सारजाबाईनं आयुष्यात लय झाडं लावली, पण तिच्या हातचं एकही राहिलं नाही. पालमजवळच्या तिच्या कोरडवाहू रानात दर पावसाळ्यात काहीतरी लागायचं. नवऱ्यानं, लिंबाजीनं, एका साली साग आणला. पुढं शेवगा, मग आंब्याची कलमं. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत येईस्तोवर कलमांच्या काड्या झालेल्या असायच्या. कुणाच्या शेळ्या शिरल्या हे विचारायचंही त्राण उरलेलं नसायचं.

बांधावरचा कडुलिंब तेवढा जगला. तो कुणी लावला नव्हता, पाखरानं टाकलेल्या बीचा. औताच्या आड येतो म्हणून लिंबाजी तो उपटायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. आपण काही केलं न्हाई, तरी आलाय तो." त्यानंतर तिनं दुसरं झाड रानात आणू दिलं नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. लिंबाजी पोरगा पप्पू आणि सुनेबरोबर तोडीला गेला, ती मागं राहिली. ज्वारी हुरड्यात आली तसे शेजारच्या रानाचे भगवानराव बांधावर येऊन उभे राहिले.

"वैनी, ह्या लिंबावर पाखरं बसायलेत. बांधाकडची कणसं पार पोकळ केली."

"मग?"

"तोडावा म्हणतो. बांध दोघांचा हाय."

बोलणं खोटं नव्हतं, कणसं तिनंही पाहिली होती. भांडायची तिच्यात ताकद नव्हती.

"मी राखते तुमची ज्वारी," ती म्हणाली. "माझी राखायचीच हाय. फकस्त काढणीपस्तोर लिंबाला हात लावू नका."

"आन् गुडघे?"

"बसून बी गोफण फिरती."

बसून फिरत नव्हती. उठावं लागायचं, फिरवावी लागायची, पुन्हा जमिनीला हात टेकून बसावं लागायचं. दिस उगवायच्या आधी ती रानात असायची, कारण पाखरं तेव्हाच उतरायची. दुपारी डोळा लागला की कलकलाटानं जाग यायची. ओरडून ओरडून गळा बसला, मग ती पत्र्याचा डबा वाजवायला लागली. उजवा खांदा सुजला.

एकदा भगवानरावांच्या घरच्या चांगुणाबाई भाकरी घेऊन आल्या. खांद्याकडं बघून म्हणाल्या, "एवढं काय हाय त्या झाडात?"

"काय न्हाई," सारजाबाई घास मोडत म्हणाली. "आता नवीन लावायला जीव न्हाई, म्हणून."

त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत डबा चांगुणाबाईंनीच वाजवला, आणि नंतरही अधूनमधून येत राहिल्या.

ज्वारी निघाली. थोडी पाखरांनी खाल्लीच, पण भगवानराव तोडायचं बोलले नाहीत. त्यांच्या रानाकडं झुकलेल्या दोन फांद्या तेवढ्या त्यांनी उतरवल्या, तेही तिला विचारून.

चैत्रात लिंबाजी परतला, काळवंडलेला, गालफडं बसलेला. वळकटी टाकून ओट्यावर आडवा झाला.

"ज्वारी कशी झाली?"

"झाली," ती म्हणाली.

त्याला पाणी द्यायला तिनं फळीवरच्या तांब्याकडं हात नेला. हात खांद्याच्या वर गेला नाही. लिंबाजीनं ते पाहिलं. तो उठला, तांब्या काढला आणि आधी तिच्यासाठी भरला.