विसरनगरच्या राजाची तालीम

सोयराबाईंना नवऱ्याचा चष्मा सापडला तो फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली. त्यांनी तो पदरानं पुसून हंबीररावांसमोर धरला.

"तालीम गं!" हंबीररावांनी ऐटीत चष्मा चढवला. "राजा चष्मा गारच घालतो."

राजा म्हणजे विसरनगरचा. मल्लेश्वरमच्या मराठी मंडळात हे बालनाट्य इतकी वर्षं चाललंय, की सुरुवातीला पहिल्या रांगेत बसलेली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. हा राजा डोक्यावरचा मुकुट राज्यभर शोधतो आणि महिनाअखेरीला राणीच्या हातावर प्रधानाचा पगार ठेवतो. पुठ्ठ्याचं सिंहासन जाऊन प्लायवुडचं आलं, एकदा नाटक कन्नडमध्येही झालं. यंदा बेळ्ळंदूरला आयटीत असलेल्या पुण्याच्या आसावरीनं मागे स्क्रीन लावून त्यावर ढग पळवले. राजा मात्र तोच, हंबीरराव. घड्याळाच्या कारखान्यात जन्मभर काटे बसवलेला हा माणूस घरी मिठाची बरणी बोटभर सरकली तरी भांडायचा. म्हणून तर तो राजा झाला की ओळखीचे लोक पोट धरून हसत.

पण यंदा तालीम घरभर पसरली होती. गॅस पेटता राहिला, तालीम. जावयाला मेहुणा समजून झाडलं, तीही तालीम. जावई हसला, सोयराबाईही हसल्या आणि आत जाऊन निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. डॉक्टरांचं नाव काढलं की हंबीरराव म्हणत, "सुम्मने घाबरतेस, उगीच!" नाटक की आजार, हे एक सोयराबाईंना कुणी सांगेना.

रविवारी दुपारी प्रयोग लागला. सोयराबाई विंगेत मध्यंतराची कॉफी घेऊन उभ्या. ऐकून ऐकून नाटक त्यांना पाठ. राजानं सिंहासनाखाली मुकुट शोधला, प्रधानाच्या खिशात शोधला. आता हात डोक्याकडे जाणार आणि राजा दचकणार.

हात गेलाच नाही.

"मी... कोण?" राजानं विचारलं.

"विसरनगरचा राजाऽऽ!" पोरं किंचाळली.

"असं होय?"

हॉल हसून लोटपोट. "काय टायमिंग आहे अण्णांचं!" आसावरी शेजारी कुजबुजली.

हे नाटकात नव्हतं. सोयराबाईंना दिसत होता फक्त तो हात, अंगरख्याचं टोक चोळणारा. लेकीच्या लग्नात ऐन मुहूर्ताला मंगळसूत्र सापडेना, तेव्हा हंबीररावांनी उपरण्याचं टोक असंच चोळलं होतं.

हसू ओसरू लागलं. प्रधान घाम पुसू लागला. सोयराबाई घरच्याच साडीत, कॉफीसकट, थेट रंगमंचावर गेल्या.

"महाराज, कॉफी."

राजानं त्यांच्याकडे पाहिलं. रेशनच्या रांगेत अनोळखी बाईकडे पाहावं तसं, सभ्यपणे. सोयराबाईंनी पेला तसाच पुढे धरला. त्या हलल्या नाहीत.

"सोयरा," ओळख पटल्यावर तो अगदी हळू म्हणाला, "मुकुट कुठाय गं?"

"डोक्यावर. नेहमीसारखा."

त्यांनी त्याचा हात धरून वर नेला. बोटांना मुकुट लागला, राजा दचकला, खराखुरा, आणि टाळ्यांत पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं.

"अक्का, भन्नाट एन्ट्री!" पडदा पडल्यावर आसावरी गळ्यातच पडली. "पुढच्या प्रयोगाला ठेवायचीच!"

घरी जाताना ऑटोत हंबीरराव मुकुट मांडीवर घेऊन बसले होते. सिग्नलला ऑटो थांबली.

"मघाशी स्टेजवर ते नाटक नव्हतं," हंबीरराव म्हणाले.

"ठाऊक आहे."

"चष्म्याचीपण तालीम नव्हती."

सोयराबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," हंबीरराव आपणच म्हणाले. "तूच लक्षात ठेव. माझा काय नेम?"

"सरी, ठेवते."

सिग्नल सुटला. "आणि पुढच्या प्रयोगाला येशील तेव्हा कॉफी स्वल्प गरम आण," ते म्हणाले. "राजा झाला म्हणून सगळंच गार चालत नाही."