डेल्फीचा तज्ज्ञ आणि डावा कौल

डेल्फीत मी एकूण अडीच तास होतो. त्यातला अर्धा तास स्वच्छतागृह शोधण्यात गेला. तरीही ग्रीसच्या त्या सहलीनंतर आमच्या मंडळात डेल्फीचा तज्ज्ञ मीच ठरलो. वासरांत लंगडी गाय शहाणी.

माझं व्याख्यान दुबईत, अल बर्शातल्या एका हॉलमध्ये होतं. पहिल्या रांगेत आई बसली होती. ती कोकणातून व्हिजिट व्हिसावर आली होती आणि मंगळवारी परत जाणार होती. तिने कायमचं माझ्याकडे राहावं, असा माझा बेत होता. शारजातल्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खाटही आणली होती. खाट खिडकीशी हवी की भिंतीशी, एवढंच मी तिला विचारलं होतं. ती खिडकीशी म्हणाली आणि मी तो होकार समजून मोकळा झालो.

व्याख्यानात मी रंगात आलो. झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांहून सोडलेले गरुड डेल्फीला भेटले, म्हणून ती पृथ्वीची बेंबी. तिथला अजगर मारून अपोलोने जागा घेतली. त्याची पुजारीण तिवईवर बसून देवाचं उत्तर सांगायची. त्याआधी बकरीवर गार पाणी शिंपडत. ती शहारली तरच देव बोलायला राजी.

"आमच्याकडे पण शिंपडतात," आई मोठ्याने म्हणाली. सगळा हॉल तिच्याकडे वळला. मी दोनदा खाकरलो, उपयोग झाला नाही.

शेवटी मी ठेवणीतली गोष्ट काढली. एका तरुणाला परदेशी राजपुत्राच्या पदरी चाकरी मिळत होती. गुरूने सांगितलं, डेल्फीला विचारून ये. पठ्ठ्याने 'जाऊ का' हे विचारलंच नाही. सुखरूप परत यायचं तर कोणत्या देवांना पुजू, एवढंच विचारलं. गुरूने त्याची खरडपट्टी काढली. लबाडाने आधीच ठरवलं होतं, असं मी म्हटल्यावर हॉल हसला. मागून सेक्रेटरी म्हणाले, "यल्ला सर, खलास करा, वडे थंड होतायत."

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाडी नेहमीसारखी मुंगीच्या पावलाने चालली होती. कौतुकाच्या आशेने मी आईला विचारलं, कसं झालं?

"तूही तेच केलं होतंस," ती म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वी माझा व्हिसा आला, तेव्हा तिने मला देवीला कौल लावायला पाठवलं होतं. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारलं, सोमवारी निघू का? उजवी पडली. हे मी साफ विसरलो होतो आणि भर हॉलमध्ये परक्याच्या पोराला हसत होतो.

"त्या सकाळी तुझ्याआधी मी जाऊन आले होते," आई म्हणाली. "पाठवू का, असं विचारलं. डावा दिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी बॅग भरून झाली होती."

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला लाज वाटली, आणि एवढी वर्षं तिने हे एकटीने पोटात ठेवलं याचं फार वाईट वाटलं. मी विचारलं, "आई, तुला इथे राहायचंय का?"

"नाही रे."

"मग खिडकीशी का म्हणालीस?"

"खाट आणून झाली होती."

मंगळवारी मी तिला विमानतळावर सोडलं.